श्वापदांची कैफियत : प्रस्तावना

माझे बालपण ज्या गावात गेले ते समुद्रापासून शंभर कोस आत, कोरडवाहू मुलखात वसलेले, आणि आम्हां पोरांपैकी एकानेही तोवर समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरीही यात्रेच्या दिवसांत पत्र्याच्या एका शेडमध्ये, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर, एक वाक्यही न कळणाऱ्या इंग्रजीतून शार्क माशाचा तो जगप्रसिद्ध चित्रपट आम्ही ज्या रात्री पाहिला, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आठदहा जण मळ्यातल्या विहिरीच्या थारोळ्यावर जाऊन उभे राहिलो आणि नुसते उभेच राहिलो. त्या विहिरीत आम्ही पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोहायला शिकलो होतो. तिच्यात बेडूक होते, एक दिवड होती आणि पाणी स्वच्छ राहावे म्हणून पूर्वी कोणी सोडलेले एक कासव होते, यापलीकडे काही नाही हे आम्हांला नावानिशी ठाऊक होते. पण त्या सकाळी पाणी हिरवट, गप्प आणि खोल दिसत होते. आमच्यातल्या थोरल्याने एक धोंडा उचलून आत टाकला. वर्तुळे उठली, काठाच्या चिऱ्यांना लागून परतली, विरून गेली, आणि पाणी पुन्हा पहिल्यासारखे होईपर्यंत कोणी बोलले नाही. रोज मुटके मारून विहीर घुमवणारी ती पोरे त्या दिवशी अंघोळ न करता घरी गेली, आणि रात्री पुन्हा दोन-दोन रुपये गोळा करून त्याच शेडच्या दाराशी जाऊन बसली.

पुढे कितीतरी वर्षांनी हे पुस्तक लिहायला घेतले तेव्हा माझ्यापुढे खरा प्रश्न या दोन गोष्टींच्या मधला होता. भय वाटले हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या भयाने आम्हांला आमच्या स्वतःच्या विहिरीपासून परके केले, तेच भय दुसऱ्या रात्री आम्ही पदरचे पैसे मोजून मागायला का गेलो? राक्षसी आकाराचे वानर, किरणोत्साराने खवळलेले सरडे, माणसांवर झडप घालणारे पक्षी, नदीतल्या मगरी आणि समुद्रातले शार्क यांचे चित्रपट सुमारे शंभर वर्षे जगभर निघत आहेत आणि पाहिले जात आहेत. आमच्याकडील रसिक वर्गाने मात्र त्यांची गणना पोरखेळात करून त्यांना विचाराच्या दप्तरात कधी दाखलच करून घेतले नाही. हे मला अन्यायाचे वाटते, आणि तो माझ्यापरीने दूर करावा एवढ्याच हेतूने ही तजवीज केली आहे.

भयाचा आस्वाद घेता येतो ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. भरताने भयानक हा रस मानला आणि भय हा त्याचा स्थायी भाव सांगितला. परंतु त्याहून मोठा प्रकाश टाकला तो दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकालात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने. रसास्वादात भय कोणाचे, कोणापासून, कोठले आणि केव्हाचे हा सगळा तपशील गळून पडतो व निखळ भय तेवढे उरते, हा सिद्धान्त मांडताना त्याने जो दाखला घेतला तो कालिदासाच्या शाकुंतलाच्या प्रारंभीचा, दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणाऱ्या आणि मान वळवून मागे पाहणाऱ्या हरणाचा. हा दाखला मी अनेकदा वाचला होता. त्यातली एक साधी गोष्ट मात्र फार उशिरा ध्यानात आली. आपल्या साहित्यशास्त्रातल्या या सुविख्यात उदाहरणात भ्यालेला आहे तो पशू, आणि ज्याचे भय वाटते तो धनुष्य ताणून रथात उभा असलेला माणूस! या पुस्तकात ज्या चित्रपटांचा विचार केला आहे ते सगळे या एका उदाहरणाभोवती फिरतात असे मला वाटते. ते प्रेक्षकाला रथातून उतरवून हरणाच्या जागी पळायला लावतात. आणि त्यांपैकी जे खरोखर थोर आहेत ते शेवटच्या काही मिनिटांत त्याला पुन्हा रथावर चढवून, हातातले धनुष्य दाखवून, समोर कोसळणाऱ्या जिवाकडे पाहायला लावतात.

आपण कोणाचे तरी भक्ष्य होऊ शकतो ही जाणीव माणसाच्या जातीइतकीच जुनी आहे, आणि शहरांनी ती पुसून टाकली त्याला फार काळ लोटलेला नाही. वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, ही म्हण ज्या लोकांनी केली त्यांना श्वापदाचे स्वरूप पुरते कळलेले होते: त्याला नमस्कार चालत नाही, लाच चालत नाही, फिर्याद ऐकून घ्यायला त्याच्यापाशी कचेरी नाही. आणि तरीही त्याच लोकांनी त्याला वाघोबा म्हटले, पालघरकडच्या वारल्यांनी रानाच्या कडेला त्याचे ठाणे मांडले, त्याला नैवेद्य दाखवला. भय आणि आदर यांची ही जुळणी करता येणे ही फार मोठी संस्कृती आहे. चोराचे भय वाटते तेव्हा त्याच्याविषयी घृणा वाटते. वाघाचे भय वाटते तेव्हा तशी वाटत नाही, कारण त्याच्या मनात आपल्याविषयी दावा नसतो, त्याला केवळ भूक असते. पशुभयाच्या चित्रपटांचे आकर्षण मला प्रथम येथे दिसते. त्यांतले भय निर्मळ आहे. खुनी माणसाच्या चित्रपटातून बाहेर पडल्यावर माणसाविषयी जो कडवटपणा जिभेवर राहतो, तो येथे राहत नाही.

याचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे मार्च १९३३ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम दाखवला गेलेला ‘किंग काँग’. मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक हे त्याचे दिग्दर्शक. परंतु काँगमध्ये प्राण घातले ते विलिस ओब्रायन या कारागिराने. पडद्यावर जो वानर डायनासोरचा जबडा फाडतो आणि दोनच वर्षांपूर्वी खुल्या झालेल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर चढतो, तो वस्तुतः दीड-दोन फूट उंचीचा पुतळा होता: आत सांध्यासांध्यांतून वळणारा धातूचा सापळा, त्यावर रबर व कापूस यांचे मांस, आणि वरून सशाची कातडी. हा पुतळा केसभर हलवायचा, एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा एक चित्र घ्यायचे; अशी चोवीस चित्रे झाली की पडद्यावर एक सेकंद भरतो. दिवसभर दिव्यांच्या उष्णतेत उभे राहून हाती काय लागे, तर काही क्षणांची हालचाल. हे काम करताना कारागिराची बोटे सशाच्या केसांवर पडत आणि दर चित्रागणिक केसांचा कल बदले. म्हणून चित्रपट पाहताना काँगच्या अंगावर सतत एक शहारा धावत असलेला दिसतो. तांत्रिक दृष्टीने ही चूक आहे. मला मात्र ती या चित्रपटातली सर्वांत हृद्य गोष्ट वाटते, कारण वारा नसताना हलणारे ते केस म्हणजे त्याला जिवंत करणाऱ्या हातांची खूण आहे.

आणि मग तो शेवट. विमाने येतात, गोळ्या सुटतात, आणि त्या मनोऱ्याच्या टोकावर काँग आपल्या छातीला हात लावून पाहतो. जखम कशाने झाली हे त्याला कळत नाही. ज्या शत्रूशी तो लढतो आहे त्याला पकडता येत नाही. घटकेपूर्वी ज्याच्या भीतीने आपण खुर्चीचे हात घट्ट धरले होते, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी येते, आणि हे स्थित्यंतर केव्हा झाले ते सांगता येत नाही. त्याला बेटावरून बेशुद्ध करून, साखळदंडांत जखडून, तिकीट लावून रंगमंचावर उभा करणारा माणूस कथेत चित्रपट-दिग्दर्शकच आहे. आणि काँगवर गोळ्या झाडणाऱ्या विमानात जे दोघे बसलेले दिसतात, ते स्वतः कूपर आणि शोडसॅक आहेत. ज्यांनी त्याला निर्माण केले त्यांनीच त्याला मारण्याची भूमिका अंगावर घेतली, या गोष्टीत मला एक प्रकारची कबुली दिसते.

ही कबुली अधिक उघडपणे आणि अधिक वेदनेने दिली ती जपानने. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि तिची किरणोत्सारी राख ट्यूना मासे धरायला गेलेल्या एका जपानी नौकेवर पडली. तिच्यावर तेवीस खलाशी होते. त्यांपैकी बिनतारी यंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला, आणि त्याचा आरंभच समुद्रावर अकस्मात लखलखाट होऊन एक नौका जळण्याच्या दृश्याने होतो. चित्रपटगृहात बसलेल्या एकाही जपानी माणसाला ती नौका कोणती हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. गोरिला आणि जपानी भाषेतला व्हेल मासा, म्हणजे कुजिरा, या दोन शब्दांच्या संयोगातून ते नाव बनले. मराठी कानाला गोजिरा म्हणताच लाडक्या, गोजिरवाण्या वस्तूची आठवण होते. हा ध्वनींचा योगायोग खराच, परंतु चित्रपट संपताना त्या प्राण्याविषयी जे वाटते त्याच्याशी तो विसंगत नाही.

जपानी कारागिरांपाशी ओब्रायनसारखा अवधी नव्हता. म्हणून एइजी त्सुबुराया यांनी टोकियोची लहान प्रतिकृती उभारली आणि रबराचा अवजड पोशाख चढवून हारुओ नाकाजिमा या नटाला तिच्यातून चालवले. त्या पोशाखात हवा जवळजवळ नव्हतीच. काही पावले टाकली की नट घामाने निथळत असे. ते चालणे वेगाने चित्रित करून पडद्यावर संथ दाखवले, आणि त्या संथपणातून पर्वताचे ओझे निर्माण झाले. त्याचा आवाज हा स्वतंत्र कौतुकाचा विषय आहे: संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या वाद्याची तार सैल सोडली आणि पाइनची राळ लावलेला चामड्याचा हातमोजा तिच्यावरून ओढला. निघाला तो ध्वनी कोणत्याही प्राण्याचा नाही. त्यात क्रोध आहे असे प्रथम वाटते. पुन्हापुन्हा ऐकला की त्यात विव्हळणे ऐकू येऊ लागते.

या चित्रपटातली दोन दृश्ये माझ्या मनातून जात नाहीत. शहर जळत असताना भिंतीच्या आडोशाला मुलांना कवटाळून बसलेली एक स्त्री त्यांना सांगते की आता आपण तुमच्या बाबांकडे जाणार. युद्ध संपून नऊच वर्षे झाली होती, त्यामुळे ते बाबा कोठे आहेत हे सांगावे लागत नाही. दुसरे दृश्य दुसऱ्या दिवशीच्या इस्पितळातले: जखमी लोक जमिनीवर दाटीने पडले आहेत आणि एका लहान मुलीच्या अंगाजवळ यंत्र धरताच ते किरणोत्साराची इतल्ला देत कडकडू लागते. येथे श्वापद पडद्यावर नाही, आणि भय सर्वांत अधिक येथेच आहे. शेवटी ज्या शास्त्रज्ञाने गोजिराचा नाश करू शकणारे अस्त्र शोधलेले असते, तो आपली टिपणे जाळतो, समुद्रात उतरतो आणि ते अस्त्र पुन्हा कोणत्याही सरकारच्या हाती पडू नये म्हणून गोजिराबरोबर स्वतःही मरतो. विजयाची एक ललकारी तेथे उठते, पण ती टिकत नाही. हाच चित्रपट १९५६ मध्ये अमेरिकेत दाखवला गेला तो कापून, एका अमेरिकी वार्ताहराचे पात्र मधे घुसवून, बॉम्बविषयीचा बराचसा मजकूर गाळून. मूळ जपानी चित्रपट आज सहज उपलब्ध आहे. वाचकांनी तोच पाहावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता त्या शार्ककडे येतो. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७५ सालच्या ‘जॉज’मध्ये संपूर्ण शार्क नीट दिसतो तो सव्वा तास उलटून गेल्यावर, आणि या संयमाचे मोठे कारण असे की, चित्रपटासाठी बनवलेले यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात उतरताच बिघडू लागले. पंचावन्न दिवसांचे ठरलेले चित्रीकरण एकशे एकोणसाठ दिवस लांबले. मासा मिळेना म्हणून दिग्दर्शकाने पाण्याचा पृष्ठभाग दाखवला, त्यात ओढली जाणारी पिवळी पिंपे दाखवली, पाण्याखालून वर पाहणारी नजर दाखवली. आणि जॉन विल्यम्सने दोनच स्वरांची ती आवर्तने दिली, जी ऐकताना आपल्याच छातीचे ठोके बाहेरून ऐकू येत आहेत असे वाटते. आमच्या विहिरीत शिरला तो हा न दिसणारा शार्क. रबराचा मासा आम्ही रात्री झोपेपर्यंत विसरून गेलो असतो. हेच तत्त्व १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये पेल्यातल्या पाण्यावर उमटणाऱ्या वर्तुळांत दिसते, ती वर्तुळे गाडीच्या आत बसवलेली गिटारची तार छेडून उठवली होती, आणि दोन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात डायनासोर एकूण दिसतात ते पंधरा मिनिटांच्या आसपास. हिचकॉकने ‘द बर्ड्स’मध्ये याहून पुढची पायरी गाठली. पक्षी सगळे समोर आहेत, परंतु ते असे का वागतात याचे कारण त्याने अखेरपर्यंत दिले नाही.

परंतु ‘जॉज’विषयी लिहिताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या कथेतला माणसांचा अपराध स्पष्ट आहे: सुट्टीच्या हंगामातला धंदा बुडेल म्हणून नगराध्यक्ष समुद्रकिनारे बंद करायला तयार होत नाही आणि माणसे मरतात. तरी प्रेक्षकांच्या मनावर ठसला तो नगराध्यक्ष नव्हे, ठसला तो मासा. मुंबईचा कोळी ज्याला मुशी म्हणतो, मालवणात ज्याला मोरी म्हणतात आणि जिचे कालवण आपण जेवतो, त्या कुळातला हा जीव जगभर नराधमासारखा गणला गेला आणि मारलाही गेला. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांना याचे इतके शल्य लागले की त्यांनी पुढचे आयुष्य शार्कच्या आणि समुद्राच्या रक्षणासाठी वेचले. मला हे या चित्रप्रकाराच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान वाटते. मालिकेतला १९८७ चा चौथा चित्रपट मात्र शार्कला एका कुटुंबाचा सूड घ्यायला बहामापर्यंत धाडतो. आणि श्वापदाच्या ठायी वैर कल्पिले की भयाचा निर्मळपणा जातो, उरतो तो केवळ आकार. या पुस्तकात ज्या चित्रपटांना मी नापसंत केले आहे, त्यांतील बहुतेकांचा दोष हाच आहे. दक्षिण कोरियाच्या बाँग जून-हो यांचा २००६ चा ‘द होस्ट’ मला अतिशय प्रिय आहे तो उलट कारणाने: सोलच्या अमेरिकी लष्करी तळावरून हान नदीच्या गटारात फॉर्माल्डिहाइड ओतण्याची २००० साली खरोखर घडलेली घटना घेऊन तो सुरू होतो, आणि नदीतून वर येणाऱ्या त्या विद्रूप जिवाचे जन्मस्थान पहिल्या दोन मिनिटांत रुजू होते.

भुते, पिशाच्चे आणि परग्रहांवरचे जीव मी बाजूला ठेवले आहेत. त्यांचा मामला निराळा आहे. येथे ज्यांना भूक लागते, ज्यांना जखम होते आणि जे मरतात, त्यांचाच विचार केला आहे. पहिले प्रकरण मात्र मी काँगला न देता त्सावोच्या दोन सिंहांना दिले आहे, कारण तेथे चित्रपटामागची हकीकत खरी आहे आणि तिच्यात आपली माणसे आहेत. १८९८ साली मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणाऱ्या युगांडा रेल्वेसाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेलेले होते, बहुसंख्य पंजाबातले. त्सावो नदीवर पूल बांधणाऱ्या त्यांच्या छावणीत दोन सिंह रात्री काटेरी कुंपण ओलांडून येत आणि तंबूतून माणसे उचलून नेत. अखेर मजुरांनी रुळांवर आडवे पडून गाडी थांबवली, तिच्यात चढून शेकडोंनी पळ काढला, आणि काम तीन आठवडे बंद पडले. अभियंता जॉन पॅटरसन याने डिसेंबरात दोन्ही सिंह मारले. त्याने आपल्या पुस्तकात हिंदी मजुरांचा आकडा अठ्ठावीस दिला. आफ्रिकी लोक किती गेले याची सरकारी दप्तरात नोंदच ठेवली गेली नव्हती. पुढे त्यानेच हा आकडा एकूण एकशे पस्तीसपर्यंत नेला. सिंहांच्या हाडांची व केसांची तपासणी करणाऱ्या अलीकडच्या शास्त्रज्ञांचा अंदाज सुमारे पस्तीसचा आहे. त्यांपैकी एका सिंहाचा सुळा तुटून त्याच्या मुळाशी गळू झालेले होते. रेडा किंवा झेब्रा धरून खाली पाडण्याची ताकद त्या जबड्यात उरली नसावी. नेपाळ व कुमाऊँ मिळून चारशे छत्तीस माणसे मारणाऱ्या चंपावतच्या वाघिणीचेही उजव्या बाजूचे सुळे बंदुकीच्या जुन्या गोळीने तुटलेले जिम कॉर्बेटला आढळले होते.

१९९६ साली ‘द घोस्ट अँड द डार्कनेस’ या चित्रपटाने त्सावोची हकीकत सांगितली. त्यात मजुरांमधल्या अब्दुल्लाची भूमिका ओम पुरी यांनी केली, आणि सिंह दाखवले ते भरघोस आयाळीचे. खऱ्या दोन्ही नरांना आयाळ नव्हती. त्यांची कातडी सुमारे पाव शतक पॅटरसनच्या घरात जमिनीवर अंथरलेली होती. नंतर शिकागोच्या फील्ड म्युझियमने ती पाच हजार डॉलरांना विकत घेतली आणि त्यांत पेंढा भरला. वापराने झिजलेली आणि कापलेली कातडी पुरेशी उरली नव्हती, म्हणून तेथे काचेआड आज जे सिंह आहेत ते जिवंतपणी होते त्यापेक्षा आकाराने लहान आहेत.